मैदानावरचं प्रेम


गावाकडच्या आणि खेळाच्या पार्श्वभूमीवरच्या प्रेमकादंबऱ्यांना ‘वेळकाढू स्वप्नरंजन’ म्हणणारं पत्र वाचलं. मला ते पटलं नाही. आमच्या केममध्ये, कुंकवासाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात, प्रत्येक जण दुसऱ्याला घराण्यासकट ओळखतो. इथं मुलीनं मुलाकडे पाहिलं की संध्याकाळपर्यंत ते घरी कळतं. सगळ्यांदेखत, बिनबोभाट पाहता येईल अशी जागा एकच, खेळाचं मैदान. म्हणूनच या गोष्टींतला सामना नुसती सजावट नसतो.

आमच्याच करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) हा चित्रपट गावच्या क्रिकेटच्या सामन्यानं सुरू होतो. त्यातली जात आणि शेवटची हिंसा कुणाला स्वप्नरंजन वाटते? मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) ही कादंबरीही छोट्या गावातल्या नववीतल्या मुलाची. हुरहुर कोवळी, पण काळ आणीबाणीचा.

अशा गोष्टींत वाचकाला स्वतःची गल्ली दिसते, स्वतःची भीतीही. कुस्ती, कबड्डी, खो-खो खेळणाऱ्या मुलींच्या प्रेमकथा मात्र मराठीत फारशा सापडत नाहीत. लेखकांनी त्या लिहाव्यात, आणि संपादकांनी त्यांना जागा द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, केम (ता. करमाळा, जि. सोलापूर)