डबीवरचं नाव

मुलीने ईदीच्या पैशातून फिशटँकसाठी मॉसच्या दोन डब्या आणल्या. एकीवर ‘जावा मॉस’, दुसरीवर ‘ख्रिसमस मॉस’, आणि दुसरीची किंमत दुप्पट. जावा तिने लाल दोऱ्याने दगडावर बांधलं, ख्रिसमस पांढऱ्याने. दोन-तीन महिन्यांनी तिने विचारलं, “अब्बू, यातलं ख्रिसमस कुठलं?” त्रिकोणी फांद्या बघून मी ऐटीत बोट दाखवलं. दोरा लाल निघाला.

मग वाचायला बसलो. कळलं की जावा मॉस जगभर वर्षानुवर्षं ‘व्हेसिक्युलारिया ड्युबियाना’ या शास्त्रीय नावाने विकलं गेलं आणि ते नावच चुकीचं होतं. सिंगापूरमध्ये काम केलेले मॉसतज्ज्ञ बेनिटो टॅन यांनी तपासल्यावर ते ‘टॅक्सिफायलम बार्बिएरी’ ठरलं. ड्युबियाना म्हणजे सिंगापूर मॉस. ख्रिसमस मॉस आणखी वेगळं, ‘व्हेसिक्युलारिया मोंटाग्नेई’.

चूक इतकी टिकली याचं कारण मॉसमध्येच आहे. त्याला फूल नाही. ओळखीसाठी बीजाणूंची बोंडं उपयोगी पडतात, पण पाण्याखाली ती सहसा धरत नाहीत. फांद्यांची ठेवणही प्रकाश आणि पाण्याप्रमाणे बदलते. उरतं पान. व्हेसिक्युलारियाच्या पेशी आखूड-रुंद, टॅक्सिफायलमच्या लांब आणि अरुंद. पान एकाच थराचं असल्याने शाळेतला सूक्ष्मदर्शकही एवढं दाखवतो. नेमकी जात सांगायला मात्र जाणकारच लागतो.

आमच्या विज्ञानाच्या मॅडमनी दोन्ही पानं बघितली. दोन्हीकडे लांब पेशी! म्हणजे दुप्पट पैसे नुसत्या नावाचे गेले.

दुकानदाराला मी लबाड म्हणणार नाही, त्यालाही डबी तशीच आली असेल. पण मालाचा ऐब सांगून विकावा असं आपण मानतो, तर न तपासलेलं नाव हाही ऐबच आहे. ‘मॉस, जात नक्की नाही’ एवढं लिहून एकच भाव लावायला काय हरकत आहे? (आपली ‘शेवाळ’ आणि उर्दूची ‘काई’ दोन्ही ढोबळ, पण निदान खोटं बोलत नाहीत.) इमाम मालिक कित्येक प्रश्नांना ‘मला माहीत नाही’ म्हणत, असं सांगितलं जातं. हे मी वर्गात मुलांना ऐकवतो, आणि घरात लेकीने विचारलं तर बोट दाखवून मोकळा होतो.

तिला तसं सांगितलं. तिने टँकवरच्या चिठ्ठ्या काढून नव्या लावल्यात: ‘लाल दोरा’, ‘पांढरा दोरा’.