पक्षाच्या हातून सुटलेली मतदारयादी
फेब्रुवारी 2020 मध्ये, निवडणूक तोंडावर असताना, इस्रायलच्या लिकुड पक्षाने वापरलेल्या ‘इलेक्टर’ या अॅपमधून देशाची संपूर्ण मतदारयादी उघड्यावर आली. सुमारे 65 लाख लोकांची नावे, पत्ते, ओळख क्रमांक आणि अनेकांचे फोन नंबरही त्यात होते. ती मिळवण्यासाठी कुणाला मोठी तांत्रिक करामत करावी लागणार नव्हती, कारण संकेतस्थळाच्या सोर्स कोडवरूनच व्यवस्थापकांच्या पासवर्डपर्यंत पोहोचता येत होते. यादी कायद्याने सर्वच पक्षांना मिळते, मग गुपित ते काय फुटले, असा युक्तिवाद यावर होऊ शकतो. मला तो मान्य नाही. पक्षाला यादी मिळते ती मतदारापर्यंत पोहोचण्यासाठी आणि ती जपण्याच्या अटीवर. पासवर्ड बदलता येतो, पण ओळख क्रमांक जन्मभराचा असतो. तो नाव, पत्ता आणि फोनसह ठकसेनाच्या हाती पडला की धोका निवडणुकीबरोबर संपत नाही.

त्याच वर्षी माल्टात तर 3 लाख 37 हजार मतदारांची माहिती त्यांच्या राजकीय कलाच्या नोंदीसह फुटली. एवढ्याशा देशात ही नोंद मालकाच्या किंवा शेजाऱ्याच्या हाती लागली, तर नोकरी आणि संबंध दोन्ही पणाला लागतात. ही माहिती बाळगणाऱ्या कंपनीला दंड झाला अवघा 65 हजार युरो. प्रत्यक्ष नुकसान कुणी सिद्ध केले, असे विचारणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की, फसवला गेलेला माणूस आपली माहिती कुठून फुटली हे क्वचितच दाखवू शकतो. म्हणून सुरक्षिततेचा पुरावा पक्षांकडूनच, आणि यादी हाती देण्यापूर्वी, मागितला पाहिजे.