कपाटातली पत्रे कोणाची?

फिलिप लार्किन हे नाव इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना कवी म्हणून ठाऊक असते. पण त्याचे पोट भरले ते ग्रंथपालाच्या नोकरीवर. १९४३ साली तो इंग्लंडमधील वेलिंग्टन या छोट्या गावच्या वाचनालयात लागला. तिथे पुस्तकांची देवघेव त्यानेच करायची आणि बॉयलरमध्ये कोळसाही त्यानेच घालायचा! पुढे लेस्टर, बेलफास्ट आणि १९५५ पासून १९८५ साली मृत्यू येईपर्यंत हल विद्यापीठ. तिथल्या ग्रंथालयाची नवी इमारत त्याच्याच देखरेखीखाली उभी राहिली.

१९४८ साली वडील वारले आणि आई एकटी पडली. पुढे हा मुलगा तिला आठवड्यातून साधारण दोन पत्रे लिहीत राहिला. कामाचा कंटाळा, हवा, जेवण, धुणे, मोज्यांचे रफू, असेच विषय. सोबत तो आईचे गमतीचे चित्र काढी : टोपी घातलेला, सील माशासारखा एक गोंडस प्राणी. पत्रात सांगण्यासारखे काही नसले तरी ते जाई, कारण आई टपालाची वाट पाहत असे. १९७७ साली ती गेली. २०१८ साली ही घरगुती पत्रे पुस्तकरूपाने आली.

त्याआधी, १९९२ साली त्याची निवडक पत्रे प्रसिद्ध झाली होती. त्यांतील काही पत्रांतली शिवराळ भाषा आणि परक्या वंशांविषयीचा तिरस्कार पाहून वाचकांना धक्का बसला. आईच्या पत्रांनी तो डाग पुसला जात नाही. पण दोन्ही पत्रे एकाच हाताची आहेत आणि माणूस पुरता कळायला दोन्ही लागतात.

लार्किनच्या रोजनिश्या मात्र कोणालाच वाचता येणार नाहीत. त्याच्या इच्छेप्रमाणे त्या यंत्रात घालून त्यांच्या चिंध्या करण्यात आल्या. रोजनिशी त्याच्या ताब्यात होती, पत्रे आईच्या. तिने ती जपली म्हणून ती राहिली. पत्र लिहिणारा एक असतो, पण ते टिकते ते जपणाऱ्यामुळे.

आपल्या सीमाभागातल्या कपाटांत अशी पत्रे दोन लिप्यांत असतात. आजोबांचे ‘तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार’ देवनागरीत, तर धारवाडच्या अज्जीचे ‘नावु इल्लि क्षेम’ कन्नडमध्ये. मराठी शाळेत शिकलेल्या नातीला अज्जीची भाषा बोलता येते, पण तिची घाईतली कन्नड अक्षरे लागत नाहीत. घरात ती वाचणारे एकच माणूस उरले असेल, तर पुढच्या पिढीला तो गठ्ठा निव्वळ रद्दी वाटेल, आणि त्यात त्या पिढीचा दोष नसेल.

म्हणून वाचकहो, येत्या रविवारी तो गठ्ठा खाली काढा. गंजलेल्या टाचण्या आणि रबर काढून टाका, फाटल्या जागी चिकटपट्टी लावू नका. आपल्या पावसाळ्यात कागदाला कसर लागायला वेळ लागत नाही, तेव्हा पत्रे कोरड्या जागी ठेवा. मुख्य म्हणजे, अज्जीला किंवा काकांना ती मोठ्याने वाचायला सांगा. कोण शांतव्वा, कोणाची म्हैस व्याली, कोणाचे लग्न मोडले, हे शेजारी बसून वेगळ्या वहीत लिहून घ्या. ‘त्यात काय आहे, नुसते पावसापाण्याचे!’ असे त्या म्हणतील. तरी लिहून घ्या.