संकट सरले, सुधारणा उरल्या

तिजोरीत खडखडाट झाला की राज्यकर्त्यांना कटू निर्णय घेणे भाग पडते आणि एरवी जे साधत नाही ते संकटात साधते, असा एक समज दिल्लीत रूढ आहे. १९९१ च्या धोरणबदलाचा दाखला त्यासाठी हमखास दिला जातो. देशातील सर्वात मोठ्या सार्वजनिक सेवेचा, म्हणजे रेल्वेचा, गेल्या पाव शतकाचा ताळेबंद मात्र या समजाला पुष्टी देत नाही. या काळात रेल्वे दोनदा गंभीर आर्थिक अरिष्टात सापडली. दोन्ही वेळा कात्री लागली ती प्रामुख्याने ज्या खर्चाला आवाज नसतो त्या खर्चाला. जी एक सुधारणा खरोखर तडीस गेली, तिची रीत वेगळी होती.

पहिले अरिष्ट २०००-०१ चे. पाचव्या वेतन आयोगाचा भार वाढला होता, मालवाहतूक रस्त्याकडे वळत होती आणि प्रवासी भाड्याला हात लावण्याची कोणाची तयारी नव्हती. शंभर रुपये मिळवण्यासाठी रेल्वेला अठ्ठ्याण्णव रुपये खर्चावे लागत होते. केंद्राच्या तिजोरीत भरावयाचा लाभांशही पूर्ण देता आला नाही. त्याचा काही भाग लांबणीवर टाकावा लागला. राकेश मोहन यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने २००१ मध्ये दिलेल्या अहवालात, कारभार असाच चालू राहिला तर रेल्वे दिवाळखोरीत जाईल, असा स्पष्ट इशारा दिला. सामाजिक जबाबदारीचा हिशेब व्यावसायिक हिशेबापासून वेगळा करावा, भाडे ठरवण्यासाठी स्वतंत्र नियामक असावा, रेल्वेचे कंपनीकरण करावे, अशा त्या गटाच्या शिफारशी होत्या. त्यांवर चर्चा पुष्कळ झाली. अंमलबजावणीचे घोंगडे भिजत पडले.

त्याच वर्षी एक काम मात्र झाले. न्या. एच. आर. खन्ना समितीच्या शिफारशीनुसार १ ऑक्टोबर २००१ पासून १७ हजार कोटी रुपयांचा विशेष रेल्वे सुरक्षा निधी उभारण्यात आला. त्यातील १२ हजार कोटी केंद्राने द्यायचे आणि ५ हजार कोटी प्रवाशांवरील अधिभारातून यायचे, अशी विभागणी होती. आयुष्य संपलेले रूळ, पूल, डबे आणि सिग्नल बदलणे एवढेच या निधीचे काम होते आणि त्याला मुदतही होती. २०००-०१ मध्ये रेल्वेच्या मोठ्या अपघातांची संख्या ४७३ होती. निधीची मुदत संपली त्या २००७-०८ मध्ये ती १९४ वर आली. तिकिटावरील अधिभाराविरुद्ध कोठे आगडोंब उसळला नाही. पैसा कशासाठी घेतला जात आहे, हे प्रवाशाला ठाऊक होते.

पुढची वर्षे सुबत्तेची होती. लालूप्रसाद यादव यांच्या कारकिर्दीत वाघिणींवर अधिक माल चढवून आणि त्यांच्या फेऱ्या वेगाने फिरवून रेल्वेने २००७-०८ मध्ये खर्चाचे प्रमाण शंभरात ७६ पर्यंत खाली आणले. भाड्याची घडी बसवण्यास यापेक्षा चांगला मुहूर्त नव्हता. तो दवडला गेला. सहावा वेतन आयोग लागू होताच २००९-१० मध्ये हेच प्रमाण ९५ वर पोहोचले. २०१२ च्या फेब्रुवारीत डॉ. अनिल काकोडकर समितीने सुरक्षेसाठी पाच वर्षांत एक लाख कोटींची गरज सांगितली. मार्चमध्ये दिनेश त्रिवेदी यांनी भाडेवाढ मांडली आणि स्वपक्षाच्याच रोषापायी मंत्रिपद गमावले. या राजकारणातून महाराष्ट्रही सुटलेला नाही. जून २०१४ मध्ये मुंबईच्या उपनगरी पासांची प्रस्तावित दरवाढ युतीच्या खासदारांनी रेलभवन गाठून मागे घ्यायला लावली. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती.

दुसरे अरिष्ट करोनाचे. मार्च २०२० मध्ये प्रवासी गाड्या थांबल्या. मे महिन्यापासून श्रमिक विशेष गाड्यांनी सुमारे ६३ लाख स्थलांतरितांना गावी पोहोचवले, तेव्हा या सेवेला पर्याय नाही हे साऱ्या देशाने पाहिले. उत्पन्न मात्र आटले होते. तूट भरून काढण्यासाठी केंद्राने ७९,३९८ कोटींचे विशेष कर्ज दिले आणि निवृत्तिवेतनाचा मोठा बोजा त्या वर्षापुरता या कर्जावर ढकलण्यात आला. त्यामुळे २०२०-२१ मधील खर्चाचे प्रमाण कागदोपत्री ९७ च्या आसपास दिसले. ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये स्थगित झाली. गाड्या पूर्ववत झाल्यावर किमान शयनयान व तृतीय वातानुकूलित वर्गात तरी ती द्यावी, असे संसदेच्या स्थायी समितीने सुचवले. सरकारने ते मानले नाही.

खरा घाव यापेक्षा खोल होता आणि तो साथीच्या आधीपासून पडत होता. जुनी मालमत्ता बदलण्यासाठीच्या घसारा राखीव निधीत २०१४-१५ मध्ये साडेसात हजार कोटींहून अधिक रक्कम वर्ग झाली होती; २०२०-२१ मध्ये ती २०० कोटींवर आली. २०१७ मध्ये पाच वर्षांसाठी एक लाख कोटींचा राष्ट्रीय रेल संरक्षा कोष स्थापन झाला. त्यात रेल्वेने स्वतःच्या उत्पन्नातून दरवर्षी ५ हजार कोटी टाकायचे होते. पहिल्या चार वर्षांच्या २० हजार कोटींपैकी १५,७७५ कोटी आलेच नाहीत, तसेच काही पैसा प्राधान्य नसलेल्या कामांवर खर्च झाला, असा ठपका महालेखापरीक्षकांनी २०२२ च्या अहवालात ठेवला. २००१ चा निधी आणि २०१७ चा कोष यांतील फरक येथे कळतो. पहिल्यात रेल्वेचा वाटा तिकिटावरील अधिभाराने बांधलेला होता, दुसऱ्यात तो वर्षअखेरीच्या शिलकीवर सोडला होता. शिलकीवर सोडलेली सुरक्षा तंगीच्या वर्षात सर्वात आधी मागे पडते. पगार थकला तर संघटना उभ्या राहतात, भाडे वाढले तर मतदार रागावतो. जीर्ण रूळ निवेदन घेऊन कोणाच्या दारात जात नाही.

प्रशासकीय सुधारणेची कथाही याहून निराळी नाही. विभागांतील भाऊबंदकी मोडण्यासाठी आठ सेवांचे एकत्रीकरण करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०१९ मध्ये घेतला. प्रकाश टंडन, राकेश मोहन आणि बिबेक देबरॉय या तिन्ही समित्यांनी ते सुचवले होते. पण अभियंते कोठून आणायचे, याचा विचार पुरेसा झाला नव्हता. परिणामी २०२४ मध्ये अभियांत्रिकी सेवा परीक्षेचा मार्ग पुन्हा खुला करावा लागला.

या साऱ्यात संसदेची पकडही सैल झाली. १९२४ पासून चालत आलेला स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प २०१७ मध्ये सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला. लाभांशाचे ओझे उतरले, घोषणांचा बाजारही आवरला. हा लाभ नाकारता येणार नाही. परंतु दरवर्षी ठरलेली रेल्वेवरील चर्चाही त्याबरोबर गेली. २०१९ च्या जुलैत लोकसभेने मध्यरात्रीपर्यंत बसून रेल्वेच्या मागण्यांवर चर्चा केली, हे खरे. त्याच्या आदल्याच वर्षी सर्व मंत्रालयांच्या मागण्या एका फटक्यात, चर्चेविना मंजूर झाल्या होत्या.

आज केंद्राच्या तिजोरीतून रेल्वेला वर्षाला अडीच लाख कोटींच्या घरात भांडवली मदत मिळते, मात्र खर्चाचे प्रमाण ९८ च्या आसपासच घुटमळते. बाहेरचा ओघ आटला तर काय, याचे उत्तर सुबत्तेतच द्यावे लागेल. सामाजिक भाड्याची भरपाई अर्थसंकल्पात स्वतंत्र दाखवावी, भाडे ठरवण्याचे काम २०१७ मध्ये मंजूर होऊन कागदावर राहिलेल्या प्राधिकरणासारख्या त्रयस्थ यंत्रणेकडे द्यावे आणि सुरक्षेचा पैसा शिलकीतून नव्हे, पहिल्या रुपयातून काढावा. संकटात सरकार दूरचे पाहत नाही, महिनाअखेर पाहते. म्हणून सुधारणेचा कायदा संकट येण्याआधी हवा.