ओल ओढणारे यंत्र : घ्यावे की न घ्यावे?



धाराशिवच्या जुन्या गावात राहणाऱ्या एका भगिनीचे पत्र समोर आहे. त्या लिहितात : ‘आमचे घर तळमजल्यावर आहे. मधल्या खोलीत सासूबाई निजतात. त्यांना दम्याचा त्रास आहे. जुलै लागला की त्या खोलीची न्हाणीकडची भिंत गुडघ्याएवढी ओली होते, पोपडे निघतात, गादीला कुबट वास येतो. माझ्या भिशीचे अठरा हजार रुपये आले आहेत. ते मी मुलीच्या बारावीच्या शिकवणीसाठी राखून ठेवले होते. यजमान म्हणतात, ओल ओढून घेणारे मशीन मिळते, ते घेऊन टाक. सासूबाई म्हणतात, माझ्यापायी पोरीचे पैसे मोडू नका. मी काय करावे?’

ताई, तुमचा प्रश्न यंत्राचा आहे तितकाच पैशाचाही आहे. म्हणून घाईने ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ असे सांगत नाही. आधी ओल कुठून येते ते पाहू, मग यंत्राकडे वळू.

धाराशिवला ओल कशी?

कोकणातल्या मैत्रिणी हे पत्र वाचून हसतील. धाराशिव म्हणजे बालाघाटच्या डोंगरावरचा अवर्षणप्रवण मुलूख. एप्रिल-मे महिन्यात तिथली हवा इतकी कोरडी, की ओला पंचा तासाभरात खडखडीत वाळतो. पण जूनपासून ऑक्टोबरपर्यंत चित्र बदलते. जुन्या घरांच्या दगड-मातीच्या जाड भिंती पाणी पितात आणि ते सावकाश सोडतात. काही पावसाळे तर कहरच करतात. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा, भूम भागात पुराचे पाणी घराघरांत शिरले, ते कोण विसरेल?

जुनी माळवदाची घरे उन्हाळ्यात गार राहत. पावसाआधी माळवदावर पांढरी माती नव्याने पसरून चोपायची, हे दरवर्षीचे काम असे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात उमरगा-लोहारा भागात अशीच जड घरे माणसांवर कोसळली. त्यानंतर लोकांनी माळवदाची धास्ती घेतली, आणि ती रास्तच होती. माती गेली, पत्रे आले, स्लॅब आले. पण कित्येक ठिकाणी खालच्या भिंती जुन्याच राहिल्या आणि त्यांना वरून सिमेंटचा गिलावा व तेलकट रंग चढला. दगड-मातीच्या भिंतीला श्वास लागतो. सिमेंटने तिचे तोंड बांधले की आत शिरलेले पाणी आतच कोंडते आणि वरवर चढते. अशा भिंतीला चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदीच बरी.

आधी ओल ओळखा

घरातली ओल तीन वाटांनी येते : वरून गळून, खालून चढून, आणि हवेतून. पहिल्या दोन वाटांवर कुठलेही यंत्र चालत नाही. भोक पडलेल्या बादलीखाली भांडे लावून बसण्यासारखेच ते. यंत्राचे काम फक्त तिसऱ्या वाटेवर.

ओळखायचे कसे? फूटभर लांब-रुंद प्लॅस्टिकचा कागद घ्या. भिंतीचा एक कोरडासा भाग पुसून त्यावर तो चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस तसाच ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला, म्हणजे खोलीकडच्या अंगाला थेंब आले तर दोष हवेचा.

दुसरी खूण लोण्याची. भिंतीच्या तळाशी पांढरी खारट भुकटी फुटत असेल, तर तो लोणा. पाणी जमिनीतून किंवा फुटक्या नळातून चढते आहे, असे समजावे. न्हाणीशेजारची भिंत ओली असेल तर आणखी एक परीक्षा करा. रात्री गच्चीवरची टाकी भरा, सगळे नळ बंद करा, पाण्याच्या पातळीवर खूण करा. रात्रभर कोणी पाणी वापरू नये. सकाळी पातळी उतरलेली दिसली तर नळात कुठेतरी गळती आहे. पातळी जागेवर असेल तर सांडपाण्याचा पाइप, मोरीच्या फरशीचे सांधे आणि बाहेरच्या अंगाला साचणारे डबके पाहा.

नळदुर्गच्या किल्ल्यातला पाणीमहाल तुमच्यापैकी अनेकींनी पाहिला असेल. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात बोरी नदीवर बांध घातला आणि त्या बांधाच्या पोटातच महाल काढला. पावसाळ्यात ‘नर’ आणि ‘मादी’ या दोन सांडव्यांवरून पाणी धो-धो कोसळते, तरी आत माणूस कोरडा उभा राहतो. त्या गवंड्यांनी पाण्याला कुठून जायचे ती वाट दिली. आपल्या घराचेही तेच आहे. पन्हळ मोकळी ठेवा, जोत्याला लागून पाणी साचू देऊ नका, गच्चीचा उतार दुरुस्त करा. याला जो खर्च येईल तो आधी, यंत्राचा नंतर.

घरातच आपण ओल करतो

उन्हाळ्यात लावलेला पाण्याचा कूलर आपल्याकडे कित्येक घरांत आषाढापर्यंत खिडकीत घरघरत असतो. पहिल्या पावसानंतर तो बंद करा, टाकी रिकामी करून पुसा. कोरड्या हवेत कूलर सुख देतो, दमट हवेत घरात नुसती वाफ सोडतो. पावसाळ्यात दोरीवर धुणे घरात वाळत घातले की कपड्यांतले एक-दोन लिटर पाणी सहज खोलीच्या हवेत मिसळते. त्यासाठी शक्यतो पडवी किंवा एकच खोली ठरवून घ्या. तिचे आतले दार बंद आणि खिडकी उघडी ठेवा. कपाटे व पलंग भिंतीपासून चार बोटे दूर सरकवा. पाऊस पडत असताना खिडक्या सताड उघडून हवा खेळवू नका. उघडीप झाल्यावर, दुपारच्या उन्हात उघडा.

यंत्र घ्यायचेच ठरले तर

बाजारात या यंत्राला डीह्युमिडिफायर म्हणतात. आत फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असतो. पंखा खोलीतली हवा आत ओढतो, गार नळ्यांवर हवेतले पाणी थेंब होऊन टाकीत पडते आणि कोरडी, किंचित ऊबदार हवा बाहेर येते. म्हणजे खोली गार होत नाही, उलट थोडी तापते, हे आधीच माहीत असू द्या. दुसरा प्रकार ओल शोषणाऱ्या चाकाचा. तो थंड प्रदेशात उपयोगी. आपल्या पावसाळ्यातल्या उबदार हवेला कॉम्प्रेसरचाच चांगला.

हजार-दोन हजारांत मिळणारी तांब्याएवढी छोटी यंत्रे घेऊन फसू नका. त्यांत कॉम्प्रेसर नसतो. दिवसभरात ती कपभर-दोन कप पाणी काढतात. कपाटाला ठीक, खोलीला नाही. खरी यंत्रे साधारण बारा-पंधरा हजारांपासून पुढे मिळतात.

दुकानात गेल्यावर हे विचारा :

१. चोवीस तासांत किती लिटर? दहा बाय बाराच्या एका खोलीला १० ते १२ लिटरचे पुरे. मोठ्या खोलीला किंवा लगतच्या दोन खोल्यांना २० लिटरचे. हे आकडे बहुधा ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता धरून छापलेले असतात. आपल्या खोलीत प्रत्यक्षात पाणी कमी निघेल, ते यंत्राचा दोष नव्हे.

२. आर्द्रता ठरवून देता येते का? ५० ते ६० टक्क्यांवर ठेवले की पुरे. त्याहून खाली नेऊन फक्त वीज जाते, घसा आणि लाकूड सुकते ते वेगळे.

३. टाकी भरली की यंत्र आपोआप थांबते का? नळी लावून पाणी थेट मोरीत सोडता येते का?

४. वीज जाऊन आली की ते पुन्हा आपोआप सुरू होते का? आपल्याकडे हा प्रश्न महत्त्वाचा.

५. दुरुस्ती करणारा गावात आहे, की यंत्र सोलापूरला न्यावे लागेल?

यंत्र आणताना आडवे पडले असेल तर उभे करून काही तास थांबा, मगच सुरू करा. तीन पिनांचा, अर्थिंग असलेला प्लगच वापरा. चालताना खोलीचे दार-खिडकी बंद हवी, नाहीतर सबंध गल्लीची हवा कोरडी करत बसाल. जाळी पंधरा दिवसांनी धुवावी. टाकीतले पाणी पिण्याला किंवा स्वयंपाकाला वापरू नये, इन्व्हर्टरच्या बॅटरीतही घालू नये. फरशी पुसायला चालेल.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. ३०० वॅटचे यंत्र रोज आठ तास चालले तर दिवसाला सुमारे अडीच युनिट, महिन्याला सत्तर-पंचाहत्तर. घरगुती बिलात १०० युनिटच्या पुढे दर चढतो, म्हणून हा भार वरच्या दराने बसतो हे लक्षात घ्या. आणि घरात एसी असेल तर थांबा! त्यात बहुधा ‘ड्राय’ नावाचे बटण असते. आधी ते वापरून पाहा.

थोडक्या पैशांतले उपाय

पहिली खरेदी आर्द्रता दाखवणाऱ्या छोट्या मीटरची करावी. काही शे रुपयांत मिळतो. तो आठवडाभर खोलीत ठेवून सकाळ-संध्याकाळचा आकडा वहीत टिपा. ६० च्या आसपास असेल तर यंत्राची गरज नाही. दिवसेंदिवस ७५-८० च्या वर राहिला तर बुरशी धरणारच.

कपाटासाठी कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात. त्यांत जमणारे पाणी साडीवर सांडले तर डाग पडतो, म्हणून डबा खालच्या कप्प्यात आणि मुलांच्या हातापासून दूर ठेवा. कापूर आणि डांबराच्या गोळ्या किडे पळवतात, ओल शोषत नाहीत. हा गैरसमज आपल्यात फार आहे. शालू-पैठणी प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, मलमलच्या कापडात गुंडाळा आणि दसऱ्यानंतर सावलीत वारा द्या.

भिंतीवरची बुरशी कोरड्या झाडूने झटकू नका, तिची पूड श्वासात जाते. नाकातोंडाला फडके बांधून साबणाच्या पाण्याने पुसा. ब्लीचिंगच्या पाण्यात अ‍ॅसिड कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो.

ज्यांच्या घरात पुराचे पाणी शिरले होते त्यांनी भिंती पूर्ण वाळेपर्यंत रंगाची घाई करू नये. जाड भिंतींना महिनोन्‌महिने लागतात. यंत्राने मातीची भिंत झपाट्याने सुकवली तर तडे जाण्याचा धोका असतो. हिवाळ्यातली कोरडी हवा आणि पंखा हे काम फुकटात करतात.

आता तुमचे उत्तर

ताई, गुडघ्याएवढी ओल, पोपडे आणि न्हाणीची भिंत, ही लक्षणे हवेच्या ओलीची दिसत नाहीत. प्लॅस्टिकची आणि टाकीची परीक्षा या रविवारी करा. दोन्हींचा एकूण खर्च चिकटपट्टीइतका. गळती सापडली तर नळवाला आणि गवंडी यांचे काम बहुतेक यंत्राच्या किमतीपेक्षा कमीत होईल, आणि ते कायमचे होईल. दोघांकडून आधी लेखी आकडा घ्या.

सासूबाईंचा पलंग मात्र आजच त्या खोलीतून हलवा. बुरशीने दमा उसळतो. भिंतीचे काम होईपर्यंत त्या तुमच्या खोलीत निजतील आणि तुम्ही बाहेरच्या खोलीत, चार रात्री अडचण होईल एवढेच. डॉक्टरांची औषधे चालूच ठेवा. कोरडी खोली ही औषधाला जोड आहे, त्याऐवजी नव्हे.

दुरुस्तीनंतर पुढच्या पावसाळ्यात मीटरचा आकडा पाहा. तरीही तो चढाच राहिला तर यंत्राचा विचार जरूर करा, आणि तो खर्च घरखर्चातून होऊ द्या. यजमानांनाही हे पान वाचायला द्या. घरातल्या भिंतीचे काम एकट्या सुनेच्या भिशीतून का व्हावे? मुलीची शिकवणी आणि सासूबाईंचा श्वास यांतले एक निवडायची वेळ तुमच्यावर आलेली नाही.

परीक्षेचा निकाल काय आला ते अवश्य कळवा. पुढच्या आठवड्यात डाळी-ज्वारीला पोरकिडा लागू नये म्हणून काय करावे ते पाहू.