युद्धकैद्यांचा हिशेब कोण मागणार?



1971 चं युद्ध शिकवताना आपण 93,000 हा आकडा मुलांकडून पाठ करून घेतो आणि धडा संपवतो. आपल्या बेपत्ता 54 जणांबद्दल एक ओळही सांगत नाही.

त्यातले एक फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे. त्यांचं विमान डिसेंबर 1971 मध्ये पाकिस्तानात पडलं. पकडलेल्या वैमानिकांच्या यादीत त्यांचं नाव तिकडच्याच वर्तमानपत्रात छापून आलं. नंतर मात्र पाकिस्तानने हात वर केले. पत्नी दमयंती तांबे, राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या, वर्षानुवर्षं सरकारी उंबरठे झिजवत राहिल्या. 2007 मध्ये नातेवाइकांसोबत तिथल्या तुरुंगांतही जाऊन आल्या. हाती काहीच लागलं नाही.

मला पटत नाही ते हेच, की एवढे कैदी आपण परत पाठवले तेव्हा आपल्या एकेका नावाचा हिशेब का नाही मागून घेतला?

कारगिलच्या वेळी पुन्हा तेच. कॅप्टन सौरभ कालिया आणि पाच जवान मे 1999 मध्ये पकडले गेले. जूनमध्ये मृतदेह आले, अंगावर छळाच्या खुणा. 1949 च्या जिनिव्हा कराराप्रमाणे कैद्याला मारणं, छळणं गुन्हाच आहे. त्यांचे वडील 2012 मध्ये सुप्रीम कोर्टात गेले. म्हणजे दाद मागायची ती घरच्यांनीच!

आमच्या सदरहून वायुसेनानगर जवळच. विमान गेलं की पोरं खिडकीतून वर बघतात. येत्या डिसेंबरात तांबे आणि कालियांची नावं फळ्यावर लिहून हा करार सोप्या शब्दांत सांगणार आहे. तुम्हीपण सांगा ना.