मेजावरची पट्टी

आमच्या आळीत एक वृद्ध गृहस्थ राहतात. सारी आळी त्यांना 'नाना' म्हणते, तेव्हा आपणही नानाच म्हणू. वयाच्या सत्तराव्या वर्षी नातवाकडून संगणक चालवावयास शिकलेले असे गृहस्थ आपल्या बुऱ्हाणपुरात फार नसावेत. शिकण्याचे कारण एकच. अमरावतीस असणाऱ्या त्यांच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईंना, पोस्टकार्डावरचे त्यांचे बारीक अक्षर आता वाचवत नाही. पडद्यावर मोठ्या टायपात आलेले पत्र मात्र त्या स्वतः वाचतात. दर गुरुवारी सायंकाळी नाना पत्र लिहीत, आणि ते मराठीत लिहीत.

संगणकाच्या पडद्याला इंग्रजीत 'डेस्कटॉप', म्हणजे मेजाचा पृष्ठभाग, असे म्हणतात. नानांच्या या मेजावर कोपऱ्यात एक लहानशी पट्टी असे. तिच्यावर टिचकी मारली की इंग्रजी कळफलक जाई व मराठी येई. नानांची सारी विद्या त्या पट्टीवर उभी होती. एके रात्री यंत्राने आपण होऊन नवी आवृत्ती उतरवून घेतली, आणि सकाळी पाहतात तो पट्टी नाहीशी झालेली. त्या आवृत्तीच्या कर्त्यांचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. मला सांगावयाचे आहे ते पुढचे. नानांना वाटले, आपल्याच हातून काही बिघडले. नातवाला विचारावयाचा त्यांना संकोच वाटला. सहा आठवडे ताईंना पत्र गेले नाही. मग गेले ते इंग्रजी लिपीत लिहिलेल्या मराठीत.

इंग्रजी लिपीत मराठीचे काय होते हे विद्यार्थ्यांना ठाऊकच आहे, कारण त्यांचे एकमेकांना जाणारे बहुतेक निरोप त्याच वेषात हिंडतात. नानांनी लिहिले होते, की अंगणातल्या मोगऱ्याला पहिली कळी आली. ताईंनी ते 'काळी' असे वाचले, मग 'काली' असे वाचले, आणि शेवटी दूरध्वनी करून विचारले, "अरे, कोण आली?" ज्या लिपीत 'ल' आणि 'ळ' यांना एकच अक्षर, तीत माळ आणि माल, बाळ आणि बाल, कळ आणि कल ही सारी एका गोठ्यात बांधली जातात. मोगऱ्यातला 'ऱ्य' तर तिला मुळीच ठाऊक नाही. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत समुद्र आणि डोंगर यांच्याइतके अंतर आहे, आणि ते एका आडव्या रफाराने राखले आहे.

प्रश्न असा की, ज्याच्या मेजावर एखादी वस्तू वर्षानुवर्षे आहे, त्याला न विचारता ती उचलून नेण्याचा अधिकार कोणाला असावा काय?

हा प्रश्न एकट्या नानांचा नव्हे. जगातील कोट्यवधी लोकांनी तो एकदा एकाच वेळी विचारला होता. १९९५ च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने 'विंडोज ९५' आणले, तेव्हा पडद्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात 'स्टार्ट' असे लिहिलेले बटण प्रथम आले. पुढे सतरा वर्षे लोकांचे हात त्या कोपऱ्याकडे आपोआप वळत राहिले. २०१२ च्या ऑक्टोबरात 'विंडोज ८' आले आणि ते बटण गेले. त्या जागी साऱ्या पडद्यावर पसरणाऱ्या रंगीत चौकटी आल्या. बोटाने स्पर्श करावयाच्या पडद्याला त्या सोयीच्या होत्या; पण ज्यांच्यापुढे साधा पडदा व माऊस होता, त्यांना यंत्र बंद कसे करावे हेही शोधावे लागले. ओरड इतकी झाली की वर्षभरातच, २०१३ च्या ऑक्टोबरात, 'विंडोज ८.१' मध्ये बटण परत आले. परत आले म्हणजे नुसते बटण आले. दाबल्यावर उघडावी ती यादी आलीच नाही, त्या चौकटीच पुढे आल्या. दाराला कडी लावून दिली, आतली खोली मात्र दिली नाही, असला हा प्रकार. यादी आली ती २०१५ च्या जुलैत, 'विंडोज १०' बरोबर.

त्याच २०१२ च्या आवृत्तीत भाषांची पट्टीही मेजावरून उचलली गेली होती, व तिच्या जागी खालच्या ओळीत एक छोटी खूण आली होती. तिच्याबद्दल जगात विशेष ओरड झाली नाही. ज्याला एकाच भाषेत लिहावयाचे, त्याला भाषेची पट्टी हवी कशाला? ती हवी असते दोन घरांत वावरणाऱ्याला, आणि आपण बुऱ्हाणपूरकर तर तीन-तीन घरांत वावरतो.

ही काढाकाढ कशाच्या आधारावर होते, हे पाहण्याजोगे आहे. मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे लिहिले होते, की लोक 'स्टार्ट'ची यादी पूर्वीपेक्षा कमी वेळा उघडतात, आणि नेहमीची कामे खालच्या ओळीत टाचून ठेवतात. मोजणी खरीच असेल. परंतु मोजणीने वस्तूची गरज कळते काय? आमच्या घरी कंदील आहे. वर्षातून तो फार तर दोनदा लागतो. वापराची नोंद ठेवणारा कोणी कारकून आमच्या घरात असता, तर त्याने तो पहिल्याच वर्षी भंगारात घातला असता. आणि ज्या रात्री वीज गेली असती, त्या रात्री तो कारकून आपल्या घरी निजलेला असता. कोट्यवधींच्या मोजणीत मराठीतून गुरुवारी एक पत्र लिहिणारे नाना म्हणजे शून्यापुढे दशांशचिन्ह देऊन लिहावयाचा आकडा.

माझ्या म्हणण्याला विरोध करणारे म्हणतील, जुने टाकल्याशिवाय नवे येत नाही. हे मला मान्य आहे, आणि कधीकधी तर काढून टाकणे हेच योग्य असते. 'विंडोज व्हिस्टा'त मेजावर घड्याळ, हवामान असली चिमुकली यंत्रे मांडता येत. लोकांना ती फार आवडत. परंतु त्यांच्या वाटेने परक्याला यंत्रात शिरता येते असे आढळल्यावर २०१२ च्या जुलैत खुद्द मायक्रोसॉफ्टनेच ती बंद करण्याचा सल्ला दिला, व पुढील आवृत्तीत ती ठेवली नाहीत. 'फ्लॅश प्लेअर'ही असाच ३१ डिसेंबर २०२० नंतर थांबविण्यात आला. ज्या खिडकीतून चोर येतो ती बुजवावी. तेथे घरमालकाच्या सवयीचा प्रश्न नाही. म्हणून कोणी अनोळखी ठिकाणाहून काहीतरी उतरवून घेऊन ती जुनी घड्याळे पुन्हा मांडू म्हणेल, तर मी त्याच्या बाजूचा नाही. माझा वाद आहे तो निरुपद्रवी वस्तूंविषयी. भाषेच्या पट्टीतून कोणता चोर येणार होता?

"जुनीच आवृत्ती वापरा," असेही एक उत्तर मिळते. ते उत्तर ऐकावयास सोपे आहे. 'विंडोज १०' चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणजे नव्याने सापडलेली छिद्रे बुजविण्याचे काम त्या दिवसापासून सर्वांसाठी पूर्वीसारखे राहिले नाही. सुरक्षित राहावयाचे तर नवे घ्यावे लागते, आणि नवे घेतले की मेज दुसऱ्याच्या मर्जीने मांडले जाते. ही दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून देणे मला अन्यायाचे वाटते. डॉक्टरने औषधाबरोबर घरातील पलंगाचीही दिशा बदलून टाकावी, त्यातला हा प्रकार.

बुऱ्हाणपूरच्या माणसाला हे समजावून सांगण्याची खरे म्हणजे गरज पडू नये. आपल्या जामा मशिदीत, जी सोळाव्या शतकाच्या अखेरीस राजा अली खान फारुकीने बांधली, अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही कोरलेला आहे. एका भिंतीवर दोन लिपी, आणि ज्याला जी वाचता येईल ती त्याने वाचावी. चारशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाने भाषांची पट्टी दगडात कोरून ठेवली, ती एका रात्रीत नाहीशी होण्याची भीती नाही.

आणि कुंडी भांडारा? अब्दुल रहीम खानखानाच्या काळी, १६१५ मध्ये, तब्कुतुल अर्ज या इराणी भूगर्भतज्ज्ञाच्या आखणीने सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शहरात आणले गेले. बोगद्यावर ठिकठिकाणी कुंड्या आहेत; पाणी केवळ उताराने वाहते, त्याला पंप लागत नाही. नंतर नळ आले, कूपनलिका आल्या. नळ आले त्या दिवशीच कोणी साऱ्या कुंड्या बुजवून टाकल्या असत्या, तर २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आपल्या गावाचे नाव कशाच्या जोरावर गेले असते?

याच अनुषंगाने आणखी एक गोष्ट आठवते. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची नवी मांडणी झाली. विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, आपला निमाड मध्य प्रदेशातच राहिला, आणि कचेरीच्या मेजावरची मराठीची पट्टी उचलली गेली. त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. मोठ्या मांडणीत लहान गोष्टी अशाच हलतात. तरीही ज्या शाळेच्या अंकात तुम्ही हा लेख वाचीत आहात, ती शाळा मराठी माध्यमाची आहे. ती पट्टी कोणीतरी खटपट करून पुन्हा जागेवर ठेवली, तेव्हाच हे झाले.

संगणकाच्या बाबतीतही खटपट करणारे निघालेच. 'क्लासिक शेल' नावाची प्रणाली इव्हो बेल्चेव्ह या प्रोग्रामरने २००९ मध्ये फुकट उपलब्ध करून दिली. पुढे 'विंडोज ८' वर हरवलेली यादी असंख्य लोकांना तिनेच परत मिळवून दिली. २०१७ च्या डिसेंबरात त्यांनी काम थांबविले, परंतु जाताना आतला सारा मजकूर खुला केला, आणि इतरांनी तो 'ओपन-शेल' या नावाने पुढे चालविला. लिनक्सच्या जगात २०११ मध्ये 'ग्नोम ३' आले व जुने ओळखीचे मेज गेले. तेव्हा अर्जेंटिनातील एकाने जुन्या मेजाचा खुला मजकूर घेऊन ते 'माते' या नावाने पुन्हा उभे केले. माते हे त्या देशातले चहासारखे पेय. ज्या वस्तूची घडण सर्वांपुढे उघडी असते, ती तिच्या कर्त्याने टाकली तरी कोणी ना कोणी उचलू शकतो. ज्या विद्यार्थ्यांना पुढे या विद्येत शिरावयाचे आहे, त्यांनी हा फरक आताच ध्यानी घ्यावा.

आपल्या लिपीच्या बाबतीत एक गोष्ट मात्र भाग्याची घडली. 'इनस्क्रिप्ट' हा कळफलक १९९१ मध्ये भारतीय मानकात समाविष्ट झाला, त्यामुळे तो कोणा एका कंपनीच्या लहरीवर राहिलेला नाही. प्रणाली कोणतीही असो, 'ल' च्या कळीबरोबर शिफ्ट दाबली की 'ळ' येतो, आणि 'र' च्या कळीबरोबर दाबली की मोगऱ्यातला 'ऱ' येतो. हे बोटांत बसले की पट्ट्या आल्या काय आणि गेल्या काय, अक्षर जात नाही. मुलांनी हा कळफलक शिकावा असा माझा आग्रह आहे, व त्यावरून वर्गात माझी थट्टा होते हेही मला ठाऊक आहे. इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटविणारा कळफलक २०१९ पासून विंडोजमध्येच मिळतो, मग एवढा खटाटोप कशाला, असे मुले विचारतात. त्यांना मी एवढेच विचारतो, की तो कळफलक उद्या उचलला गेला तर?

ज्यांच्या घरी 'विंडोज ११' आहे त्यांच्या उपयोगासाठी सांगतो. 'सेटिंग्ज'मध्ये 'टाइम अँड लँग्वेज', त्यात 'टायपिंग', त्यात 'ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज' अशी तीन दालने ओलांडली की मेजावरची भाषापट्टी वापरण्याविषयी एक ओळ दिसते. तिच्यापुढील चौकटीत खूण केली की पट्टी मेजावर येते. विंडोजची कळ व स्पेसची पट्टी एकदम दाबूनही भाषा बदलते. म्हणजे वस्तू पुष्कळदा नष्ट झालेली नसते, माळ्यावर टाकलेली असते. माझी तक्रार आहे ती येथेच. माळ्यावर टाकली तर टाकली, पण मेजावर एक चिठ्ठी ठेवावयास काय हरकत होती? "तुमची अमुक वस्तू अमुक ठिकाणी आहे," एवढीच एक ओळ, ज्याच्या त्याच्या भाषेत! तेवढी असती, तर एका वृद्धाने सहा आठवडे स्वतःला दोष दिला नसता.

नानांची पट्टी नातवाने दिवाळीच्या सुटीत शोधून दिली. त्यांच्याही यंत्रात ती अशीच कोठेतरी आत पडून होती. "इतके दिवस विचारलं का नाहीत, नाना?" असे त्याने म्हटले, तेव्हा नाना नुसतेच हसले. आता पत्रे पुन्हा गुरुवारी जातात, आणि त्यांत 'ळ' असतो. मोगऱ्याच्या कळीचा खुलासा ताईंना पहिल्याच पत्रात करण्यात आला. तेवढी एक कुरकूर मात्र शिल्लक आहे. पट्टी पूर्वी डाव्या कोपऱ्यात असे, ती आता उजवीकडे येते, आणि नानांचा हात अजून डावीकडेच जातो.